खोकला आणि क्लॅरिनेट

ज्या वर्षी स्वाइन फ्लू आला, त्या वर्षी नाशकात एक वेळ चोरी केलेली चालली असती, पण खोकलेलं चालत नव्हतं. सिटी बसमध्ये कुणी खोकलं की शेजारची माणसं उठून दाराशी जाऊन उभी राहायची. माझी एक जाऊ तर मुद्दाम खोकायची आणि पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत ऐसपैस बसून जायची. मी तिला म्हटलं, असं करू नये बाई. मग एकदा मीपण करून पाहिलं. खिडकीची जागा मिळाली.

भीती खोटी नव्हती. पुण्यात माणसं गेली होती, आपल्याकडेही गेली. औषधाच्या दुकानात मास्क संपले होते, लोक तोंडाला रुमाल बांधत होते, गळ्यात कापराची पुडी अडकवत होते. त्या भीतीला मी हसत नाही. मी हसते ते आमच्या घरातल्या एका खोकल्याला.

तो खोकला आमच्या ह्यांचा. तो दरवर्षी आषाढात यायचा आणि दसऱ्याला सोनं वाटून झालं की जायचा. तरुणपणी ओढलेल्या बिड्यांचं ते देणं होतं. त्या वर्षी मी ह्यांना धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, "हा तुमचा जुनाच. फ्लू नाही. नवीन काही वाटलं, ताप आला, तर लगेच या." आम्ही सुटलो. पण डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं, गावाला कोण सांगणार? आणि ह्यांचा तर सगळा धंदाच बोलण्याचा.

ह्यांचं बँडचं बुकिंग होतं. ह्यांना स्वतःला एकही वाद्य वाजवता येत नाही, शीळसुद्धा नाही. पण लग्न असो, मुंज असो, मंडळाचा गणपती असो, लोक आमच्याकडे येणार आणि हे वाजवणारी माणसं जमवून देणार. काही वाजवणारे कळवणचे, काही चांदवडकडचे, शेतातलं काम उरकून येणारे. बोलणी पक्की झाली की पान-सुपारी हातात यायची, म्हणून आमच्यात ठरलेल्या कामालाच सुपारी म्हणतात. भद्रकालीच्या बाजूला आमचा एक गाळा होता. पुढे ऑफिस, मागे आमचा संसार, मध्ये पडदा. मी चौथी शिकलेली. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि वाटेत माणसं भेटायची, म्हणून मी गेलेच नाही. इतकी लाजाळू. लग्न होऊन नाशकात आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बँडवाल्याच्या घरात मुकी सून आली, बरं झालं, कुणीतरी गप्प पाहिजेच."

पुढे गाळ्यात फोन आला. हे बाहेर गेलेले असले आणि फोन वाजला की मी तो उचलायची, पण बोलायची नाही. पलीकडचा हॅलो हॅलो करून दमायचा. हे आल्यावर मी सांगायची, "फोन आला होता." "कुणाचा?" "पुरुषाचा." मग हळूहळू मला कळलं, फोनवर आपलं तोंड कुणाला दिसत नाही. तेव्हापासून मी बोलायला लागले. मात्र डोक्यावर पदर घेऊन. मोबाइल आला तरी पदर तसाच.

आता मास्तरांचं सांगते, कारण ही सगळी गोष्ट त्यांच्यासाठीच घडली.

मास्तर आमच्या बँडचे मुख्य, क्लॅरिनेट वाजवायचे. लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले, देवळाली कॅम्पात एका खोलीत एकटे राहायचे. सत्तरीला आले होते, पण चालताना पाठ अशी, जणू आतून पट्टी लावली आहे. बाकीचे वाजवणारे ह्यांच्या पैशासाठी कमी आणि मास्तरांच्या शब्दासाठी जास्त यायचे. ट्रंपेटवाला एकदा चुकला तर मास्तर रागवायचे नाहीत, नुसती भुवई उचलायचे. तो गडी कळवणला जाईपर्यंत ती भुवई विसरायचा नाही. मास्तर नसते तर आमच्याकडे बँड नव्हता, नुसते चार-दोन कोट आणि एक ढोल होता.

त्या साली गणपतीच्या आधी एकेक सुपारी परत जायला लागली. मंडळाची पोरं येऊन म्हणायची, "काका, यंदा आगमनाची मिरवणूक साधीच करतोय." जी मंडळं मिरवणूक काढणार होती त्यांचं म्हणणं वेगळंच. "वाजवा, पण फुंकायची वाद्यं नकोत. त्यातून वारं बाहेर येतं." समोरच्या गाळ्यात एका बँजोवाल्याचं बुकिंग होतं. त्याचं फावलं. बँजोला तोंड लावावं लागत नाही. तो सकाळी शटर उघडताना मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा, "काय वहिनी, मास्तरांना बँजो शिकवू का? फी नाय घेणार."

मास्तर ऐकायचे आणि चष्मा पुसायचे. एक दिवस पुसता पुसता ते ह्यांना म्हणाले, "चतुर्थीला माझा क्लॅरिनेट वाजला नाही, तर मी कळवणला मुलाकडे जातो. तो कधीपासून बोलावतोय. डाळिंबाला पाणी देत बसेन."

"असं कसं मास्तर, पुढच्या वर्षी..." हे म्हणाले.

"पुढच्या वर्षीचा श्वास मी साठवून ठेवलेला नाही."

ते रागानं बोलले असते तर आम्ही समजूत घातली असती. पण ते वेळापत्रक सांगावं तसं बोलले. त्या दिवसापासून घरात एकच विषय. चतुर्थीला मास्तर कुठेतरी वाजले पाहिजेत. कुठेही.

ह्यांनी पहिली शक्कल काढली ती मास्कची. म्हणजे वाजवणाऱ्यांनी मास्क घालायचा आणि मास्कला मध्ये भोक ठेवायचं, त्यातून वाद्य तोंडात. मी कोटाच्या उरलेल्या लाल कापडाचे मास्क शिवले, कडेनं सोनेरी झालर लावली, भोकाला काजं करतात तसा टाका घातला. दिसायला इतके सुंदर की एक मी स्वतःच्या तोंडाला लावून आरशात पाहून आले. हे ते घेऊन एका मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्षांनी मास्क हातात घेतला, भोकातून बोट घातलं, ते बोट आमच्या ह्यांच्याकडे हलवलं आणि म्हणाले, "काका, हे म्हणजे छत्रीला खिडकी."

मास्तरांनी तर तो तोंडाजवळसुद्धा नेला नाही. "हा तोबरा आहे. टांग्याच्या घोड्याला द्या."

मग लक्षात आलं, दुसरं संकट आमच्या घरातच आहे. ज्यांनी अजून नाही म्हटलं नव्हतं, त्यांचे फोन यायचे. हे फोन घ्यायचे, "बोला साहेब," म्हणायचे आणि इतक्यात उबळ यायची. खोकून वर बघतात तो फोन बंद. एका गृहस्थांनी तर फोन ठेवताना म्हटलं, "काळजी घ्या, आणि फोन पुसून ठेवा." शेवटी ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. "तूच बोल. तू काय खोकत नाहीस."

"मी काय बोलू?"

"मी बोलतो तसं बोल. नुसतं खोकू नकोस."

पण गाळा तो केवढा. हे पडद्यामागे जाऊन बसले तरी खोकला पडद्याला कशाला जुमानतो? मी "नमस्कार, बोला दादा," म्हणायची आणि मागून घरघर सुरू. तेव्हा मास्तर कामाला आले. काम नसलं तरी ते रोज देवळालीहून बसने यायचे आणि बाकावर क्लॅरिनेट घेऊन बसायचे. पहिल्यांदा त्यांनीच केलं. मी फोनवर, ह्यांची उबळ चढायला लागली, आणि मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडाला लावून अशी एक तान सोडली की मलाच माझं बोलणं ऐकू येईना. तान संपली तोवर खोकला संपला होता.

"काय चाललंय तिकडे?" पलीकडून विचारलं.

"रियाज," मी म्हणाले. हा शब्द माझ्या तोंडात कुठून आला देव जाणे.

मग आमची पद्धतच ठरली. उबळ येतेय असं वाटलं की ह्यांनी पडद्यातून हात बाहेर काढायचा. साध्या खोकल्याला मास्तरांची तान. मोठी उबळ असली तर ढोलवाल्यानंही साथ द्यायची. आमचा ढोलवाला चांदवडकडचा, कांद्याच्या चाळीचं काम संपवून तोही येऊन बसायचा. त्याला हे फार आवडलं. "वहिनी, लय भारी हाय हे," तो म्हणायचा, "दादांचा हात निघाला की मला वरातच दिसती." समोरचा बँजोवाला चक्रावून गेला. त्याला वाटलं, आमच्याकडे इतक्या सुपाऱ्या आल्यात की तालीम थांबत नाही. त्यानं एकदा चहा मागायच्या निमित्तानं येऊन डोकावून पाहिलं. हात बाहेर आला, तान सुटली, ढोल वाजला, आणि मी फोन नसतानाही कानाला फोन लावून म्हणाले, "हो हो साहेब, जमवू." तो चहा न घेताच गेला.

इतकं करूनही सुपारी काही मिळत नव्हती. लोक बोलायचे गोड, पण शेवटी "बघतो, कळवतो". चतुर्थी जवळ आली. मास्तरांनी कळवणला मुलाला फोन करून बसची वेळ विचारली, ती आमच्यासमोरच.

आणि मग गंगापूर रोडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. आमचं जुनं गिऱ्हाईक, दरवर्षी स्थापनेला मास्तर तिथे वाजवायचे. आवाज कचेरीतल्या माणसासारखा. "ताई, यंदा नको. सभासदांचा ठराव झालाय, बाहेरचं कुणी गेटच्या आत घ्यायचं नाही. वाईट वाटून घेऊ नका."

मी नाही वाटून घेत असं म्हणणार, एवढ्यात पडद्यातून हात आला. नुसता हात नाही, मनगटापर्यंत आला, म्हणजे मोठी उबळ. मास्तरांनी सुरुवात केली. ढोलवाला बाहेर पान खायला गेला होता, म्हणून मास्तरांना एकट्यालाच ती उबळ झाकायची होती. त्यांनी तान सोडून सरळ भूपातली एक धूनच धरली. स्थापनेच्या वेळी वाजवायचे तीच. मी फोन कानाला लावून गप्प उभी. पलीकडेही कुणी बोलेना. मग फोनवर दुसराच आवाज आला, म्हातारा, बाईचा, आणि चांगला खणखणीत.

"अरे, हेच ते! हे तर दरवर्षीचे वाजवणारे आहेत ना?"

"अगं आई, फोनवर आहे ते," सेक्रेटरी म्हणाले.

"फोनवर तर फोनवर. इतकं स्वच्छ ऐकू येतंय. तुमच्या ठरावात फोनला गेटबंदी आहे का?"

पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग सेक्रेटरी जरा ओशाळून म्हणाले, "ताई, असं जमेल का? तुम्ही तिकडे वाजवायचं. आम्ही इकडे फोन मंडपातल्या माइकला लावू."

असं कुणी कधी केलेलं मी ऐकलं नव्हतं. ह्यांना विचारावं तर ते पडद्यामागे पाणी पीत होते. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "जमेल. चतुर्थीला सकाळी. सुपारी धरू का?"

"धरा," म्हातारीच म्हणाली.

हे बाहेर आले. मी सांगितलं. हे बाकावर बसले. "फोनवर बँड? उद्या फोनवर पंगत उठवशील."

पण खरी अडचण मास्तर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझ्यासमोर कोण असणार?"

"फोन," मी म्हणाले.

"फोनला वाजवू मी? मी माणसांना वाजवलंय. साहेबांना वाजवलंय. एकदा भर पावसात रिकाम्या मैदानाला वाजवलंय, पण ते मैदान तरी मोठं होतं."

मी लाजाळू असले तरी घरात असले की जीभ चालते. मी म्हणाले, "मास्तर, त्या आजींनी नुसत्या आवाजावरून तुम्हाला ओळखलं. मंडपात किती वर्षं लोकांनी तुमचा कोट पाहिला, टोपी पाहिली. सूर कुणी पाहिला? आता कोट दिसणारच नाही. आता सूरच."

मास्तरांनी भुवई उचलली. मला वाटलं, संपलं. पण ती भुवई खाली येताना ते म्हणाले, "सूनबाई, कोट मी घालणारच. वाकून बसलेल्याचा सूर वेगळा येतो."

चतुर्थीला मास्तर पहिल्या बसने आले. लाल कोट, सोनेरी झालर, तुऱ्याची टोपी, बुटांना पॉलिश. ढोलवालाही कोटात. मी गाळा झाडून रांगोळी काढली, कुणी बघणार नव्हतं तरी. मोबाइल टेबलावर ठेवून पाहिला तर टेबल थरथरायचं आणि आवाज फाटायचा. शेवटी ठरलं, फोन मी हातात धरायचा, मास्तरांपासून हातभर लांब. राहिले आमचे हे. मी म्हणाले, "तुम्ही गंगेवर जाऊन या." हे म्हणाले, "माझ्या धंद्यातली अशी पहिली सुपारी आणि मी गोदेच्या घाटावर फिरू?" मग तडजोड झाली. ह्यांनी तोंडात लवंग आणि खडीसाखर धरून पडद्यामागे बसायचं, श्वाससुद्धा मोजून घ्यायचा, आणि नाहीच आवरलं तर हात.

फोन वाजला. मी पदर घेतला, बटण दाबलं, स्पीकर चालू केला. पलीकडून मंडपाचा आवाज आला. लहान मुलं, घंटा, कुणाचं तरी "अरे माइक पुढे घे." मग सेक्रेटरी म्हणाले, "सुरू करा."

मास्तरांनी धून धरली. रस्त्यावरून जाणारा एक भाजीवाला हातगाडी थांबवून उभा राहिला. पलीकडे मंडप गप्प झाला, तो गप्पपणाही फोनमधून कळत होता. धून संपली. मग आरतीची चाल सुरू झाली आणि पलीकडे लोक गायला लागले. आमच्या गाळ्यात सगळी सोसायटी येऊन उभी राहिल्यासारखं वाटलं, अंगठ्याएवढी होऊन. मला माझी लाजसुद्धा आठवली नाही.

पहिलं कडवं झालं. दोन कडव्यांच्या मध्ये मास्तर श्वास घ्यायचे आणि तेवढ्यात ढोल एकटा वाजायचा. तेवढ्यात पडद्यातून हात आला. आधी मनगट, मग कोपर, मग जवळजवळ खांदाच. मास्तरांचं तोंड मोकळं, छाती भरायची राहिलेली. मी ढोलवाल्याकडे बघितलं. तो ढोलावरचे हात सोडून, टोपी काढून, डोळे मिटून, नमस्कार करून उभा! खरा गणपती बसतोय म्हटल्यावर त्यानं हात जोडले होते.

आमचे हे खोकले.

साधंसुधं नाही. सबंध सकाळ कोंडून ठेवलेला खोकला तो. फोनमधून गेला, माइकमधून गेला आणि गंगापूर रोडच्या त्या मंडपातल्या मोठ्या स्पीकरमधून बाहेर पडला. त्याचा घुमून परत आलेला आवाज मला माझ्याच हातात ऐकू आला. मग पलीकडे खुर्च्या सरकल्या, कुणीतरी किंचाळलं, आणि एक माणूस घाबऱ्या आवाजात ओरडला, "स्पीकरपासून लांब व्हा! लांब व्हा सगळे!"

आणि फोन बंद झाला.

ढोलवाल्यानं डोळे उघडले. "झालं का?"

मला हसू येत होतं आणि रडूही. मी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी बंद झालेला फोन बघितला, त्याचा दिवा विझला होता. त्यांनी क्लॅरिनेट तोंडाला लावला आणि दुसरं कडवं सुरू केलं. आमच्यात रीतच आहे, सुरू झालेली आरती अर्ध्यावर सोडायची नाही. दिवे जावोत, ढोल फुटो, शेवटची ओळ वाजवूनच वाद्य खाली. ढोलवाल्यानंही घाईघाईनं टोपी घालून ठेका धरला. मी काय करणार? मी हात तसाच लांब करून तो मेलेला फोन धरून उभी राहिले. भाजीवाला टाळ्या वाजवत होता. समोरचा बँजोवाला शटरमध्ये उभा राहून बघत होता, आणि त्याला वाटत असणार की आमचा कार्यक्रम जोरात चाललाय.

शेवटच्या कडव्याला फोन वाजला. माझ्या हातातच. पडद्यातून आमचे हे तोंड काढून मला खुणा करत होते, ढोल सांग, ढोल! म्हणजे खोकला नव्हता, ढोल होता असं सांग.

मी बटण दाबलं. सेक्रेटरी. "ताई, खरं सांगा, कोण खोकलं?"

मला ढोल म्हणायचं होतं, अगदी ओठावर होतं. पण असा ढोल नाशकात कुणी बनवत नाही. मी म्हणाले, "आमचे हे खोकले, दादा. दरवर्षी खोकतात. डॉक्टरांना दाखवलंय, फ्लू नाही. आणि समजा असता, तरी तो भद्रकालीपासून तुमच्यापर्यंत तारेतून कसा येणार? मोबाइलला तर तारही नाही."

मग मागून खूप माणसं एकदम हसली. बहुतेक फोन अजून माइकला होता. सेक्रेटरी काही बोलणार तोच म्हातारीनं फोन घेतला.

"ते अजून वाजवतायत ना? मला ऐकू येतंय."

"हो आजी. शेवटचं कडवं."

"बघा, त्यांनी सोडली नाही. आणि आमचे हे शूर सगळे खुर्च्यांच्या मागे. ताटातलं निरांजन विझवलं पळताना. अर्ध्या आरतीवर गणपती बसवायचा का आम्ही? मास्तरांना म्हणावं, पहिल्यापासून. आणि तुमच्या यजमानांना अडुळसा द्या. पान चुरून, मधातून."

मी फोन लांब धरला आणि सांगितलं, "मास्तर, पहिल्यापासून म्हणतायत."

मास्तरांनी शेवटची ओळ पुरी केली, ओठ पुसले, टोपी सारखी केली. मग आधी ढोलवाल्याकडे वळून म्हणाले, "नमस्कार नंतर." आणि पडद्याकडे बघून, "साहेब, खोकायचं तर समेवर खोका. मध्येच नको." मग जे वाजवलं ते मी कधी ऐकलं नव्हतं, आणि मी त्यांना कितीतरी वर्षं ऐकत आले होते.

ती गोष्ट सोसायटीतून कुठे कुठे गेली कोण जाणे. खोकणारा बँड, खोकणारा बँड असं म्हणून लोक फोन करायला लागले. आधी मौज म्हणून, मग खरोखर. कुणाच्या घरचे गौरी-गणपती, कुणाची सत्यनारायणाची पूजा, कुणाच्या मुलाचा वाढदिवस. सातपूरच्या एका बाईंनी विचारलं, खोकल्याचे वेगळे पैसे पडतात का. मी म्हणाले, तो फुकट. समोरच्या बँजोवाल्यानंही फोनवर बँजो करून पाहिला, पण त्याच्या फोनवर बँजो आणि गाडीचं चाक सारखंच ऐकू यायचं. त्यानं मला येऊन विचारलं, "वहिनी, फोन किती लांब धरता?" मी सांगितलं, "हातभर." कुणाचा हात ते नाही सांगितलं. मास्तरांचा लांब हात आणि माझा आखूड, त्यात फार फरक पडतो.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी कळवणहून मास्तरांच्या मुलाचा फोन आला. मास्तर बाकावर बसून पुढच्या सुपारीची वाट बघत होते. त्यांनी नुसती मान हलवली, तुम्हीच बोला.

"वहिनी, अण्णा कधी येतायत? गाडी पाठवू का?"

"अहो, ते कामात आहेत," मी म्हणाले. "उद्या विसर्जन आहे, चार ठिकाणी फोन लावायचे आहेत."

"मग परवा?"

"परवापासून पितृपक्ष, पण मग लगेच नवरात्राची तालीम."

"मग नवरात्र झाल्यावर."

"मग दिवाळी पहाट. त्यानंतर तुळशीची लग्नं लागली की माणसांची लागणार."

मुलगा चांगला होता बिचारा, बापावर जीव असलेला. मग म्हणाला, "म्हणजे ते येणारच नाहीत का, वहिनी?"

मी मास्तरांकडे बघितलं. ते टोपीचा तुरा झटकत होते आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होते. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"येतील की," मी म्हणाले. "सुपारी द्या, बँडसकट पाठवते."